गर्दीची दिशा

केंब्रिज, १९३६. तुमच्यासमोर टेबलावर काचेची नळी उभी आहे. आतला द्रव तंबाखूच्या रोगट पानांतून काढून शुद्ध केलेला. न हलवता ठेवल्याने त्याचे दोन थर झालेत. नळी एकमेकींशी काटकोनात फिरवलेल्या दोन ध्रुवक काचांच्या मध्ये धरा: वरचा थर अंधारा राहतो, खालचा उजळून निघतो. बॉडेन, पिरी, बर्नाल आणि फॅनकुचेन या चौघांचं ‘नेचर’मधलं टिपण याच वर्षीचं. खालच्या थरात तंबाखूच्या मोझॅक विषाणूचे लांबट कण एका दिशेने लागलेत. तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून मापं तुम्हाला ठाऊक आहेत: लांबी ३०० नॅनोमीटर, जाडी १८. पण त्यांना असं लावलं कुणी? एकमेकांना ओढत असतील, असं तुमच्या मनात येतं. तो अंदाज सोबत घ्या आणि पुढे चला.

येल, १९४९. मागच्या बाकावर बसा. लार्स ऑन्सागर यांचं शिकवणं इतकं अवघड, की विद्यार्थी त्यांच्या तासाला गमतीने ‘नॉर्वेजियन’ म्हणतात. याच वर्षी छापलेल्या निबंधात त्यांनी दाखवलंय, की कणांना ओढ असण्याची गरजच नाही. एवढंच पुरे, की दोन काठ्या एकमेकींत घुसू शकत नाहीत. काटकोनात असलेली काठी दुसरीच्या मध्यबिंदूसाठी पुष्कळ जागा बंद करते. समांतर असलेली फार थोडी. समांतर झालं की वळण्याची मोकळीक जाते, सरकण्याची मिळते. विरळ गर्दीत हा सौदा तोट्याचा, दाटीत फायद्याचा. म्हणजे पुरेशी दाटी झाली की शिस्तीतच एन्ट्रॉपी, म्हणजे मांडणीची एकूण मोकळीक, जास्त! तुमचा केंब्रिजचा अंदाज इथेच सोडून द्या. मात्र हे गणित अवकाशातल्या, खूप लांब आणि बारीक काठ्यांचं आहे. त्याच काठ्या सपाट पटलावर आल्या तर?

न्यू मेक्सिकोतलं लॉस अलामोस. इथे चाललेलं काम १९५३मध्ये छापून येईल. ‘मॅनिअ‍ॅक’ या संगणकाच्या निर्वात नळ्या तापल्या आहेत. त्याचा प्रोग्रॅम एरियाना रोझेनब्लुथ यांनी लिहिलाय. पटलावर २२४ कडक चकत्या. एक उचला, थोडी सरकवा. दुसरीवर चढली तर चाल रद्द. ना बल, ना ऊर्जेचा हिशेब, प्रश्न एकच: चढली की नाही? पण चकती गोल, तिला दिशा कुठली? १९७२मध्ये फ्रान्समधल्या ओर्सेचे विएयार-बारों पटलावर लंबवर्तुळं मांडतील, तेव्हा दिशेचा प्रश्न उभा राहील.

नेदरलँड्स, १९८५. इथे नुसतं बघत उभं राहून भागणार नाही. डान फ्रेंकेल आणि एपेंगा यांच्या गणितात शिरा आणि सुई व्हा: लांबी आहे, जाडी शून्य. संगणक चिठ्ठी काढतो: थोडं सरका, थोडं वळा. दुसऱ्या सुईला छेद गेला तर चाल रद्द. आधी सगळं विरळ आहे. तुम्ही गरगर फिरता, अडवणारं कुणी नाही. मग दाटी होते. तुमच्या लांबीएवढ्या बाजूच्या चौरसात सरासरी सातेक सुया येतात, तोवर वळण्याच्या चाली धडाधड रद्द होऊ लागतात. शेजारणीला लागून, तिच्याच दिशेने सरकण्याच्या चाली मात्र मंजूर. हुकूम कुणाचाच नाही, तरी तुम्ही दोघी एका दिशेला.

आता दूरवर बघा. पलीकडच्या सुया किंचित कललेल्या. त्यांच्या पलीकडच्या आणखी थोड्या. वळण नेमकं कुठे सुरू झालं, ते बोट ठेवून सांगता येत नाही. तीन मितींत एकदा ठरलेली दिशा दूरपर्यंत टिकते. सपाट पटलावर बारीकबारीक कल साठत जातात. विरळ अवस्थेत दिशांचा मेळ पाहता पाहता संपायचा. दाट अवस्थेत तो घातनियमाने, रेंगाळत उतरतो, पण जातो शून्याकडेच. ही ना पूर्ण शिस्त, ना पूर्ण बेशिस्त.

मुंबई, २००५. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत खांडकर आणि मुस्तनसिर बर्मा तुम्हाला सरकवत बसत नाहीत. त्यांच्या पटलावर सुया येऊन बसतात आणि उडून जातात. मोकळी फट मिळाली तरच बसायचं. रीत निराळी, तरी दाटीतला मेळ तसाच रेंगाळत उतरणारा. तेव्हा या गर्दीचं तोंड कुठे आहे असं कुणी विचारलं, तर आधी त्यालाच विचारा: किती अंतरापर्यंतचं? पटल जितकं मोठं, तितकी सगळ्यांची मिळून एक दिशा पुसट होत जाणार. शेजारणी मात्र पटल केवढंही असो, समांतरच राहणार.