तुंगारच्या डोंगराचा वणवा

कळंबच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनातून बाहेर येऊन पूर्वेकडे तोंड केले म्हणजे आधी केळी-नारळीच्या वाड्या, त्यांच्यामागे निर्मळची वस्ती, मग नालासोपाऱ्याच्या इमारती आणि या सर्वांच्या पलीकडे तुंगारेश्वराचा डोंगर, अशी वसई तालुक्याची सगळी बांधणी ध्यानात येते. फाल्गुन-चैत्राच्या रात्री त्या डोंगराच्या अंगावर कधी कधी एक तांबूस रेघ उमटते आणि हळूहळू माथ्याकडे सरकते. समुद्रकाठच्या माणसास ती रेघ देखणी वाटते, हे कबूल केले पाहिजे. सकाळी तेथे काळा डाग असतो. जूनचा पाऊस पडला की तो हिरवा होतो, आणि वणवा संपला असे आपण समजतो. आमच्या मते तो तेथे संपत नाही. त्याचे खरे आयुष्य विझल्यानंतर सुरू होते, आणि त्यातील काही भाग तर डोंगरावर नव्हे, कचेरीतील कागदांवर जगतो.

इतर देशांतील वणव्यांना तिथी असते. अमेरिकेच्या वायव्य भागात ऑगस्ट १९१० मध्ये दोन दिवसांत सुमारे ३० लक्ष एकर रान जळाले आणि त्या एका आगीच्या धसक्याने तेथील वनखात्याने पुढे कित्येक दशके दिसेल ती आग विझविण्याचे व्रत घेतले. आमच्या डोंगरांस अशी तिथी नाही. येथला वणवा लहान, आणि वर्षानुवर्षे येणारा. म्हणूनच त्याचा इतिहास लिहावा असे कोणास फारसे वाटले नाही. परंतु जे दरसाल घडते त्याचे ओझे एकदाच घडणाऱ्या संकटाहून हलके असते, असे मानण्यास आधार नाही.

या इतिहासाचा उगम शोधू गेल्यास वणव्याच्या आधी राबाशी थांबावे लागते. भाताचे रोप तयार करण्याच्या जागेवर शेणी, झाडांचे टहाळ, गवत, पातेरा असे थर रचावयाचे, वर मातीची पातळ पाखर घालावयाची, आणि पावसाच्या आधी, वारा पडलेला पाहून, वाऱ्याच्या उलट बाजूने ते पेटवावयाचे. आग धावता कामा नये, मुरली पाहिजे. राब भाजण्याचे सारे कसब एवढ्यात आहे. त्या धगीने तणाचे बी मरते, राखेतला क्षार मातीस मिळतो, आणि तापलेली माती रोपास भराभर पोसते. उत्तर कोकणातील कुणबी, आगरी, वारली, मल्हार कोळी या सर्वांची भातशेती या मुरत्या आगीवर उभी होती. डोंगर-उतारावरील दळीच्या जमिनीत नाचणी-वरी पिकविणाऱ्यांचेही आगीवाचून चालत नसे. पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह १९१२ साली राबावर स्वतंत्र प्रबंधच लिहिला. ज्या चालीस तोवर अडाण्यांची नासधूस म्हणून हिणविले जाई, ती प्रयोगशाळेत तपासण्याजोगी ठरली.

नासधूस मुळीच नव्हती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दरसाल टहाळ उतरवून बोडका केलेला ऐन ज्याने पाहिला आहे तो असे म्हणू शकणार नाही. राबाची ठिणगी रानात जाई. मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळीत, तोही कधी हाताबाहेर जाई. कोवळ्या गवतासाठी माळ पेटविणारे होते, शिकारीसाठी पेटविणारेही होते.

पण डोंगर उघडा पडण्यास एवढ्याच आगी कारण झाल्या काय? पोर्तुगीजांच्या अमलात, म्हणजे १५३४ पासून १७३९ पर्यंत, वसई ही इमारती लाकूड आणि जहाजबांधणी यांसाठी नावाजलेली होती. पुढे १८६४ मध्ये बी. बी. सी. आय. रेल्वे मुंबईस पोहोचली, तिला स्लीपर हवे होते. वाढत्या मुंबईच्या चुलींना सरपण आणि कोळसा हवा होता. एवढे लाकूड गेल्यावर १८७८ चा वनकायदा आला, राने राखीव झाली, आणि ऱ्हासाचा जाब विचारण्याची वेळ आली तेव्हा समोर सापडला तो हातात कोयता आणि शेजारी राब असलेला शेतकरी. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर रोष प्रकट केला आहे, तो याच काळातला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला. राबाच्या सवलती काही प्रमाणात राहिल्या. पण जी वहिवाट होती ती सवलत झाली, हा बदल लहान नव्हे.

त्याहून खोल घाव आमच्या मते एका कलमाने घातला. १९२७ च्या वनकायद्याच्या २६ व्या कलमात अशी तरतूद आहे की, राखीव रानात कोणी जाणूनबुजून किंवा घोर हयगयीने आग लावली, तर त्या रानातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क सरकारास वाटेल तितका काळ तहकूब करता येतात. आग एकाने लावावी आणि गुरे साऱ्या पाड्याची उपाशी राहावीत, असा याचा अर्थ. त्याच कायद्याचे ७९ वे कलम हक्कदारांना आगीची खबर देण्यास आणि ती विझविण्यास बांधून ठेवते. ज्या खबरीने स्वतःच्याच गुरांचे कुरण बंद होण्याचा संभव, ती खबर माणूस धावत जाऊन देईल, अशी अपेक्षा करणाऱ्यास मनुष्यस्वभावाची ओळख नसावी. कुमाऊँत १९२१ साली लोकांनी रागाने सरकारी राने पेटविली. त्यातून चौकशी समिती झाली आणि १९३१ मध्ये वनपंचायतींचे नियम आले. आमच्या डोंगरांत तसा भडका उडाला नाही. येथे लोक नुसते बाजूला झाले. रान सरकारचे, तेव्हा आगही सरकारची, ही भावना एकदा रुजली की ती उपटणे वणवा विझविण्याहून कठीण असते.

जमिनीवरची खूण सावकाश वाचावी लागते. साग, ऐन, पळस ही झाडे आगीतून पुन्हा मुळापासून फुटतात, म्हणून जून-जुलैत डोंगर हिरवा दिसतो आणि पाहणारा फसतो. मेलेली असतात ती त्यांची एक-दोन वर्षांची पोरे. म्हातारी झाडे उभी आहेत आणि त्यांच्यामागे कोणी नाही, अशी रानाची स्थिती होते. उघड्या उतारावरून पहिल्या पावसातच राख आणि तिच्याखालची माती ओढ्यांवाटे खाडीकडे निघून जाते. उरलेल्या मुरमाड जागेत गवत माजते, आणि वाळलेले गवत पुढल्या वणव्याचे सरपण होते. कळंबच्या सुरूला तर फुटण्याचीही सोय नाही. वाऱ्या-वाळूशी झुंजणारे हे झाड आगीपुढे अगदीच दुबळे. बुंधा भाजला की बहुधा संपले, आणि त्याच्या तळाशी साचलेल्या सुयांचा थर एका जळत्या विडीस पुरेसा असतो. किनाऱ्यावरच्यांनी डोंगराकडे नुसते पाहत राहू नये याचे हेही एक कारण.

गवताने माणसांचेही रूप पालटले. मुंबईतील गुरांसाठी ठाणे जिल्ह्यातून गवताचा मोठा व्यापार चाले आणि ते कापणारे हात वारल्यांचे असत. गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारीपणाखाली १९४५ साली उत्तरेकडच्या डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांचा संप झाला, त्यात ५०० रत्तल गवताच्या कापणीस अडीच रुपये ही मागणी होती. ज्या उतारांवर एके काळी आपली नाचणी होती त्या मुलखातील लोक आता दुसऱ्याचे गवत वजनावर कापीत होते.

त्यानंतर पुष्कळ बदलले. तुंगारेश्वर २००३ मध्ये अभयारण्य झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक रान राखण्याचा हक्क ग्रामसभेस दिला. २०१४ मध्ये पालघर जिल्हा निराळा झाला. जळणे मात्र थांबलेले नाही. हिवाळा सरता सरता वनखाते राखीव रानांतून जाळरेषा काढते, म्हणजे वाळलेल्या गवताचे पट्टे कापून ते वारा पडलेला पाहून, माणसे उभी करून, सावकाश जाळते, की पुढे येणाऱ्या वणव्यास तेथे खाण्यास काही उरू नये. या कामास रोजाने लागणारी माणसे बहुधा जवळच्या पाड्यांतलीच असतात. आग कोठे धरावी आणि कोठे मुरू द्यावी हे त्यांस कोणी शिकवावे लागत नाही.