सुकाणूवाचून उड्डाण

मोठ्या विमानाच्या पंखांवरची आणि शेपटीवरची हलती पाती ज्या दट्ट्यांच्या बळावर वळतात, ते तेलाच्या दाबावर चालतात. तो दाब नाहीसा झाला की वैमानिकाने चाक कितीही फिरवले तरी त्याचा हुकूम पात्यांपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच डीसी-१० या तीन एंजिनांच्या विमानात तीन स्वतंत्र तैलव्यवस्थांची तरतूद होती, आणि तिन्ही एकदम बंद पडणे असंभाव्य मानले जाई.

१९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या २३२ क्रमांकाच्या उड्डाणात, शेपटीतल्या एंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती धातूतील मूळ दोषामुळे फुटली आणि तिच्या तुकड्यांनी तिन्ही व्यवस्थांच्या नळ्या छेदल्या. चाक पूर्ण डावीकडे फिरवून मागे ओढून धरलेले असताना विमान मात्र उजवीकडे कलत खाली चालले होते. दोषाची याहून स्पष्ट साक्ष नको होती, पण त्यावरचा इलाज कोणत्याही नियमपुस्तकात नव्हता. कप्तान आल हेन्स यांच्या मदतीला प्रवाशांतून आलेले त्याच कंपनीचे प्रशिक्षक डेनिस फिच यांनी उरलेल्या दोन एंजिनांचे दांडे दोन हातांत घेतले. डाव्या एंजिनाचा जोर वाढवला की विमान उजवीकडे वळे, दोन्हींचा वाढवला की नाक वर येई. पण सारे काही विलंबाने, आणि तो विलंब आधीच ओळखून हात मागे घ्यावा लागे. सू सिटीच्या धावपट्टीवर विमान मोडून पेटले, तरी २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. मला हे मानवी कौशल्याचे असामान्य उदाहरण वाटते.

त्या हातांचे काम गणकयंत्राकडे सोपवण्याची तजवीज नासाच्या ड्रायडन केंद्रात फ्रँक बर्चम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली: वैमानिकाने केवळ दिशा आणि उताराचा कोन सांगावा, आणि यंत्राने विमानाची प्रत्यक्ष गती त्याच्याशी सतत ताडून पाहत एंजिनांचा जोर कमीजास्त करावा. गॉर्डन फुलर्टन यांनी १९९३ साली एफ-१५ आणि २९ ऑगस्ट १९९५ रोजी एमडी-११ हे अवाढव्य विमान अशा रीतीने, पात्यांना हात न लावता, एडवर्ड्स तळावर सुखरूप उतरवले.

इतके सिद्ध झाल्यावरही विमान कंपन्यांनी ही सोय अंगीकारली नाही, याचा खेद वाटल्यावाचून राहत नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये बगदादवर क्षेपणास्त्राने डावा पंख जखमी होऊन सारे तेल गमावलेल्या मालवाहू एअरबस ए-३०० च्या तिघा वैमानिक-कर्मचाऱ्यांना पुन्हा हातानेच दांडे चालवावे लागले. विमान उतरले, आणि तिघेही वाचले.