सेज : तुळशीची यूरोपीय भगिनी

यूरोपातील सेज ही सुगंधी वनस्पती आपल्या तुळशीच्याच कुलातील होय. चौकोनी दांडा, समोरासमोर पाने व ओष्ठाकार फूल ही कुललक्षणे दोहींत सारखीच आहेत. सेजची पाने मात्र करडी, जाड व लवदार असतात. भूमध्यसागराच्या उत्तर तीरावर ती मूळची. तिचे ‘साल्व्हिया’ हे लॅटिन नाव ‘बरे करणे’ या अर्थाच्या धातूशी जोडलेले आहे. घसा दुखल्यास तिच्या काढ्याने गुळण्या करीत. मांसान्नातही तिची पाने घालीत. इ. स. ८०० च्या सुमाराच्या फ्रँक राजाज्ञेत शाही बागांसाठी सांगितलेल्या वनस्पतींत तिचे नाव आढळते.

रायखेनाऊ मठाचा अधिपती वालाफ्रिड स्ट्राबो (मृत्यू इ. स. ८४९) याने स्वतःच्या बागेवर काव्य रचिले. त्यात वर्णिलेल्या वनस्पतींत अग्रमान सेजला आहे. परंतु तिच्या घरातील कलहही तो सांगतो : नवे कोंब वेळीच खुडले नाहीत, तर ते जननीचाच जीव घेतात. गुण वनस्पतीच्या ठायी उपजत असला, तरी तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो तो राखणाऱ्या हातांमुळे. देवळाच्या प्राकारातील वृंदावनासही हाच न्याय लागू आहे; नुसत्या प्रदक्षिणेने तुळस जगत नाही.