केसकरांचा रेडिओ आणि आत्याचा बुधवार

नवीन सरकार आलं की आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर दोन दिवस तरी एकच विषय असतो. कोणाला कोणतं खातं मिळालं, कोण लायक, कोणाची नुसतीच वर्णी लागली वगैरे. फिल्म अवॉर्ड्सचा मोसम आला की हीच मंडळी त्याच आवेशात 'याला का दिलं, त्याला का नाही' म्हणून भांडतात. मीही भांडतो. आणि माझं ठरलेलं वाक्य असतं, "त्या विषयातला शिकलेला माणूस बसवा ना तिथे, सगळं सुरळीत होईल."

या वाक्यावरचा माझा विश्वास अलीकडे जरा डळमळीत झालाय. त्याला कारण एक मराठी मंत्री.

पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मे १९५२ मध्ये नेहरूंचं नवं मंत्रिमंडळ आलं. त्यातल्या नेमणुका आजही हेवा वाटावा अशा होत्या. अर्थखात्यात चिंतामणराव देशमुख, म्हणजे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. शिक्षण खातं मौलाना आझादांकडे. आणि माहिती व नभोवाणी खातं मिळालं डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना. पॅरिसची डॉक्टरेट, त्याआधी परराष्ट्र खात्यात उपमंत्री, आणि मुख्य म्हणजे स्वतः धृपद शिकलेले. रेडिओ सांभाळायला गाण्यातला जाणकार! माझ्या टेबलावरच्या वाक्यात अगदी फिट्ट बसणारा माणूस.

केसकरांचं निदान असं होतं की परक्या राजवटीत आपलं शास्त्रीय संगीत मागे पडलं, संस्थानं गेल्यावर गवयांचा आधार गेला, आता ती जबाबदारी सरकारची. यात चूक काहीच नाही. त्यांनी कामही दणक्यात केलं. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम रुजला, रविशंकरांच्या हाताखाली रेडिओचा वाद्यवृंद उभा राहिला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं सुरू झाली. ज्या काळात महिन्याचा ठरलेला पैसा म्हणजे कलावंताला चैन होती, त्या काळात कित्येकांच्या घरची चूल रेडिओवर पेटली. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

(पेटीवरच्या बंदीचं खापर मात्र त्यांच्या डोक्यावर उगाच फोडलं जातं. ती बंदी इंग्रजांच्या काळातली, १९४० ची. केसकरांनी ती उठवली नाही इतकंच.)

गाडी घसरली ती सिनेमाच्या गाण्यांवर. ही गाणी थिल्लर, पाश्चात्त्य वळणाची आणि कान बिघडवणारी, असं त्यांचं मत. मग ऑल इंडिया रेडिओवर फिल्मी गाण्यांना कात्री लागली. जी वाजतील त्यांच्यासोबत सिनेमाचं नाव सांगायचं नाही, कारण ती फुकटची जाहिरात! निर्माते चिडले, त्यांनी रेडिओला गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. आणि बघता बघता देशाच्या रेडिओवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ गायब झालं.

लोकांनी काय केलं? मोर्चे काढले नाहीत. रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन लावलं. डिसेंबर १९५२ मध्ये तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात पोचला. आमच्या आजोबांचाही खाक्या केसकरांसारखाच, घरात सिनेमाचं गाणं वाजणार नाही. त्यामुळे आमची मोठी आत्या दर बुधवारी रात्री आठ वाजता 'गणित विचारायला' शेजारी जायची. ती म्हणते, "दोन वर्षं गेले रे, पण गणित काही सुधारलं नाही माझं." :)

आता यातली खरी गंमत. ज्या १९५२ साली हे सगळं सुरू झालं, त्याच वर्षी ऑक्टोबरात 'बैजू बावरा' लागला. नौशादांचं संगीत, गाण्यांचा पाया रागदारीचा, आणि पडद्यावरच्या जुगलबंदीसाठी आवाज कोणाचे तर उस्ताद अमीर खाँ आणि आपले द. वि. पलुसकर! लोकांनी तो सिनेमा डोक्यावर घेतला. म्हणजे मंत्र्यांना जे लोकांच्या कानात घालायचं होतं, ते लोक पदरचे पैसे मोजून, रांगेत उभं राहून ऐकत होते. फक्त ते ज्या दारातून आलं ते दार केसकरांना पसंत नव्हतं.

मग आला १९५४ चा अवॉर्ड सीझन, आपल्या देशातला पहिलाच म्हणायला हरकत नाही. मार्चमध्ये मुंबईच्या मेट्रो थिएटरात पहिले फिल्मफेअर पुरस्कार झाले. तेव्हा त्यांचं नाव 'क्लेअर्स' होतं, टाइम्सच्या सिनेसमीक्षक क्लेअर मेंडोन्सा यांच्या स्मरणार्थ. पुरस्कार मोजून पाच. बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनही त्यांचंच, 'दाग'साठी दिलीपकुमार, 'बैजू बावरा'साठी मीनाकुमारी, आणि पाचवा पुरस्कार संगीताला. तो अर्थातच नौशादना, पुन्हा 'बैजू बावरा'साठीच.

त्याच वर्षी सरकारनेही १९५३ च्या सिनेमांसाठी पुरस्कार सुरू केले. खातं केसकरांचंच. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, आणि 'दो बिघा जमीन'ला गुणवत्ता प्रमाणपत्र. मराठी म्हणून आपली छाती फुगते, फुगू द्या. पण त्या सरकारी यादीत संगीताला पुरस्कार नव्हता. तसा तो नटालाही नव्हता आणि दिग्दर्शकालाही नव्हता, त्यामुळे हा मुद्दाम काढलेला राग असं मी म्हणणार नाही. पण हे वैयक्तिक पुरस्कार यायला १९६७ सालचे सिनेमे उजाडावे लागले. फिल्मफेअरने पहिल्याच वर्षी पाचातला एक संगीताला दिला होता.

(फिल्मफेअरवाले तरी धुतल्या तांदळासारखे कुठे होते? पार्श्वगायनाचा पुरस्कार त्यांच्याकडेही लताबाईंनी नाराजी दाखवल्यानंतर आला, १९५९ मध्ये.)

शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. आखणी पंडित नरेंद्र शर्मा यांची, ते स्वतः सिनेमाची गाणी लिहिणारे. सिनेमाचं गाणं सरकारी रेडिओवर सन्मानाने परत आलं, आणि तेव्हाही मंत्री केसकरच होते! १९६२ पर्यंत ते त्या खात्यात होते. पाच वर्षांनी का होईना, त्यांच्याच खात्याने पाऊल मागे घेतलं. आपल्याकडे किती मंत्र्यांच्या कारकिर्दीत हे घडतं?

हे सगळं वाचताना मला माझाच एक प्रताप आठवत होता. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या लोकांसाठी मी नवी सिस्टीम डिझाइन केली. त्यांची एक्सेलची सवय मला गावंढळ वाटायची, म्हणून एक्सेलमध्ये डेटा काढायची सोयच मी काढून टाकली. सिस्टीम उत्तम होती, अजूनही माझं तेच मत आहे. तीन महिन्यांनी कळलं की सगळे जण स्क्रीनवरचे आकडे बघून हाताने एक्सेलमध्ये उतरवतायत. त्यांचं रेडिओ सिलोन त्यांनी शोधलं होतं. ती सोय मी परत दिली, पण मला पाच आठवडेही पुरे होते, मी वर्ष घालवलं.

तेव्हा पुढच्या वेळी खातेवाटप झालं की मी शिकलेलाच माणूस मागणार, त्यात बदल नाही. केसकर अडाणी असते तर ती संमेलनंही झाली नसती. पण दुसरा प्रश्नही विचारणार आहे : लोकांनी काटा फिरवला तर या माणसाला ते कळेल का, आणि कळायला किती दिवस लागतील?

आत्याला परवा फोनवर हे सगळं सांगितलं. केसकरांचं नाव तिने ऐकलेलं नव्हतं. म्हणाली, "म्हणजे आमच्या बाबांचं काही चुकलं नव्हतं म्हण की, तेव्हा सरकारच तसं होतं." मग थोडं थांबून म्हणाली, "पण बाबांना माहीत होतं रे, मी बुधवारी कुठे जाते ते."

असो. पुढचा शनिवार, पुढचा विषय.