वाशीतील घाऊक बाजारांचे स्थलांतर आणि न हललेले सचिवालय : नियोजनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

एखादे कार्यालय एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे ही वरकरणी केवळ व्यवस्थापनाची बाब वाटते. नव्या इमारतीचा ताबा, दप्तराची मोजदाद, दूरध्वनीची जोडणी, कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याची सोय आणि संबंधितांस द्यावयाची सूचना, एवढी यादी पुरी झाली की तयारी झाली असे समजले जाते. परंतु एक राज्यशासन आपली कार्यालये आणि एक महानगर आपल्या शेकडो व्यापारी पेढ्या खाडीपलीकडे नेण्याचा विचार करते, तेव्हा ही बाब इतिहासाच्या कक्षेत येते. नवी मुंबईच्या बाबतीत असा विचार दोनदा झाला. शासकीय व व्यापारी कार्यालयांचे स्थलांतर ही या नव्या नगराच्या मूळ कल्पनेची बैठक होती आणि ते मोठ्या अंशी घडले नाही. घाऊक बाजारांच्या स्थलांतराला व्यापाऱ्यांचा विरोध होता आणि ते घडले. या विसंगतीचा उलगडा तयारीच्या स्वरूपात शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. येथे 'पेढी' हा शब्द केवळ दुकान या अर्थाने घेतलेला नाही. व्यापाऱ्याची गादी, मेहताजीचे दप्तर, मालाचे नमुने, शेजारची वखार आणि दाराशी असलेली हमालांची टोळी या सर्वांचे मिळून बनलेले ते एक कार्यालयच होय.

स्थलांतराच्या कल्पनेचा उगम

बेटावर वसलेल्या मुंबईत कामाची ठिकाणे दक्षिण टोकाला आणि वस्ती उत्तरेला, ही रचना स्वातंत्र्योत्तर काळात असह्य होऊ लागली. स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९५९ मध्ये ठाणे खाडीवर पूल बांधावा व पलीकडील भूभागावर नगर वसवावे अशी शिफारस केली. पुढे धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीने १९६६ च्या अहवालात प्रादेशिक नियोजनाचा आग्रह धरला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम संमत झाला. दरम्यान चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडील जुळ्या नगराची कल्पना मांडली होती. मुल्कराज आनंद यांच्या संपादकत्वाखालील 'मार्ग' या नियतकालिकाच्या जून १९६५ च्या अंकात ती प्रसिद्ध झाली. नगर केवळ घरे बांधून वसत नाही, त्यासाठी नोकऱ्या हलवाव्या लागतात आणि नोकऱ्या हलवावयाच्या तर सर्वांत मोठ्या नोकरीदात्याने, म्हणजे शासनाने, प्रथम हलले पाहिजे, असा या विचाराचा गाभा होता.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण भागातील गावांची जमीन नव्या नगरासाठी अधिसूचित झाली. ऑक्टोबर १९७३ मध्ये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, तथापि त्यास शासनाची मंजुरी मिळण्यास ऑगस्ट १९७९ उजाडले. खाडीवरील पहिला पूल १९७० च्या दशकाच्या प्रारंभीच वाहतुकीस खुला झाला होता आणि पूल उतरताच येणारे वाशी हे या नगराचे पहिले विकसित उपनगर ठरले.

न हललेले सचिवालय

सचिवालयाची इमारत १९५५ मध्ये उभी राहिली आणि १९७५ मध्ये तिचे 'मंत्रालय' असे नामांतर झाले. नाव बदलले, जागा मात्र तीच राहिली. यामागे केवळ अधिकाऱ्यांची अनिच्छा होती असे म्हणणे अपुरे ठरेल. बॅकबे येथील भरावाची जमीन राज्यशासनाच्या मालकीची होती आणि नरिमन पॉइंटचे मनोरे याच काळात तेथे उभे राहत होते. भाडेपट्ट्यातून शासनास उत्पन्न मिळत होते. खाजगी कंपन्यांनी आपली कार्यालये खाडीपलीकडे न्यावीत असे आवाहन करणारे शासन त्याच कंपन्यांना दक्षिण टोकाला भूखंडही देत होते. एका हाताने निरोपाचा विडा आणि दुसऱ्या हाताने बसावयास पाट, असा हा प्रकार होता. १९ एप्रिल १९८१ रोजी नव्या विधानभवनाचे उद्घाटन झाले तेही नरिमन पॉइंट येथेच. विधिमंडळ जेथे, तेथे मंत्री आणि मंत्री जेथे, तेथे सचिव, हे सूत्र लक्षात घेता शासन हलण्याचा प्रश्न त्या दिवशी व्यवहारतः निकालात निघाला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बेलापूर येथे कोकण भवन उभे राहिले. विभागीय स्तरावरील कार्यालये तेथे आली, सिडकोचे मुख्य प्रशासनही आले. परंतु निर्णयाचे केंद्र आले नाही. खुद्द सिडकोचे नोंदणीकृत कार्यालय नरिमन पॉइंट येथील 'निर्मल' इमारतीतच राहिले, ही गोष्ट बरेच काही सांगून जाते. दक्षिण मुंबईतून बाहेर पडू लागलेल्या वित्तसंस्थांनी पुढील काळात वांद्रे-कुर्ला संकुलाचा मार्ग धरला. ते संकुलही विकेंद्रीकरणाच्याच नावाने विकसित झाले आणि नवी मुंबईचे प्रतिस्पर्धी ठरले.

कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही या प्रश्नाचा विचार झाला पाहिजे. मंत्रालयातील लिपिक डोंबिवली, कल्याण, बोरिवली, विरार येथून लोकलने येत असे. त्याचा पास, मुलांची शाळा, पत्नीची नोकरी हे सारे मध्य वा पश्चिम रेल्वेमार्गाला बांधलेले होते. मानखुर्दहून वाशीपर्यंत रेल्वे आली ती मे १९९२ मध्ये. या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने व ३३ टक्के भार रेल्वेने उचलला. ठाणे-वाशी मार्ग तर नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला. म्हणजे आराखड्याच्या मसुद्यानंतर सुमारे दोन दशके कार्यालयास जागा होती, पण तेथे पोहोचण्यासाठी आगगाडी नव्हती. बसच्या भरवशावर सचिवालय हलत नसते.

घाऊक बाजारांची तयारी

याउलट घाऊक बाजारांचा इतिहास आहे. मस्जिद बंदर, मांडवी, भातबाजार या भागांतील धान्य, किराणा व कांदा-बटाट्याचा व्यापार गोदीच्या सान्निध्याने वाढला. धान्य व्यापाऱ्यांची ग्रोमा ही संस्था १८९९ पासूनची. फळे व भाजीपाल्याचा व्यापार क्रॉफर्ड मार्केट, म्हणजेच महात्मा फुले मंडई, व भायखळा येथे एकवटला होता. मात्र स्वातंत्र्योत्तर काळात माल जहाजाऐवजी ट्रकने येऊ लागला आणि नाशिक, पुणे, सातारा येथून आलेला प्रत्येक ट्रक संपूर्ण शहर ओलांडून अरुंद गल्ल्यांत शिरू लागला. बाजार ज्या कारणाने तेथे वसला ते कारणच उरले नव्हते. मंत्रालयाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. स्थलांतराच्या तयारीची पहिली कसोटी येथे दिसते. जुन्या जागेने आपली उपयुक्तता गमावलेली असेल तरच नव्या जागेचा विचार लोकांच्या गळी उतरतो.

परंतु तेवढ्याने व्यापारी हलला नसता. महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन अधिनियम, १९६३ अन्वये मुंबईसाठी बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. या कायद्याचे मर्म असे की, बाजार आवार एकदा घोषित झाले की नियमनाखालील मालाचा घाऊक व्यवहार परवान्याशिवाय व आवाराबाहेर करता येत नाही. वाशी-तुर्भे येथे प्रथम कांदा-बटाटा बाजार आला, नंतर १९९० च्या दशकाच्या प्रारंभी धान्य व मसाल्याचे बाजार आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला. हा कालक्रम सोयीचा ठरला. एका मालाचे अनुभव दुसऱ्यास उपयोगी पडले आणि सर्व शहराचा अन्नपुरवठा एकाच रात्रीत नव्या जागेवर अवलंबून राहिला नाही.

पॅरिस येथील ले आल हा बाजार मार्च १९६९ मध्ये शहराबाहेर रुंजिस येथे गेला. लंडनचा कोव्हेंट गार्डन बाजार नोव्हेंबर १९७४ मध्ये नाइन एल्म्स येथे हलला. पॅरिसमध्ये जुने मंडप १९७१ पासून पाडण्यात आले, त्यामुळे परतीची वाटच बंद झाली. मुंबईत जुन्या इमारती उभ्याच राहिल्या आणि त्यांत किरकोळ व अर्धघाऊक व्यापार चालू राहिला. क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, दादर स्थानकालगतचा भाजीबाजार ही त्याची उदाहरणे होत. मस्जिद बंदर परिसरातही सुकामेवा व मसाल्याचा व्यापार पूर्णतः थांबला नाही. तथापि हे अपयश मानावे असे वाटत नाही. वाशीत पहाटे घेतलेला माल दिवस उगवण्यापूर्वी शहरात पोहोचविणारी दुसरी साखळी या जुन्या जागांनीच पुरविली.

या प्रक्रियेत एक लहानशी पण लक्षणीय गोष्ट घडली. वाशीतील धान्यबाजारास 'दाणाबंदर' असेच म्हटले जाऊ लागले. तेथे बंदर नाही, गलबते नाहीत. तरीही जुन्या गोदीवरील नाव पेढीबरोबर आले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने पत ही पत्त्याशी जोडलेली असते. पत्ता बदलताना नाव टिकविणे, शेजारी कोणता गाळेधारक असेल हे पाहणे, एका मालाचे सर्व व्यापारी एकाच ठिकाणी येतील याची खात्री करणे या बाबी आराखड्यातील चौरस फुटांइतक्याच निर्णायक ठरतात. भाव हा शेजारच्या गाळ्यात काय चालले आहे यावर ठरतो. एकटी पेढी हलली तर तिला भाव कळत नाही.

माथाडी आणि मुकादम

या स्थलांतरातील सर्वांत दुर्लक्षित घटक हमाल होय. सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळी, वाई या भागांतून आलेले माथाडी कामगार गोदीलगतच्या वस्त्यांत गावकीच्या खोल्यांत राहत असत. एका खोलीत एका गावचे अनेक पुरुष आणि जेवणासाठी खाणावळ, अशी ही व्यवस्था होती. बाजार हलणे म्हणजे त्यांच्यासाठी काम आणि बिऱ्हाड दोन्ही एकाच वेळी हलणे होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला होता. त्यानुसार किराणा, भाजीपाला इत्यादी बाजारांसाठी मंडळे स्थापन झाली, कामगारांची व मालकांची नोंदणी झाली आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली. पेढी वाशीस गेली तेव्हा नोंदीत टोळी तिच्याबरोबर जोडलेली होती. नोंदणीचे हे दप्तर नसते तर नव्या बाजारात नवे, स्वस्त व असंघटित मजूर आले असते. बाजारांच्या स्थलांतरातील सर्वांत परिणामकारक पूर्वतयारी अशा रीतीने स्थलांतराचा विचारही न करता, कामगार चळवळीने केलेली होती. पुढे कोपरखैरणे व घणसोली येथे माथाडींची वसाहत झाली, वाशीत माथाडी भवन उभे राहिले आणि गावकीच्या खोलीत एकट्याने राहणारा पुरुष कुटुंबासह राहू लागला. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने हा बदल गाळ्यांच्या संख्येपेक्षा मोठा आहे.

लोखंड बाजाराची स्थिती यासंदर्भात तुलना करण्याजोगी आहे. विनिर्दिष्ट वस्तूंच्या बाजारांचे स्थान नियमित करणारा स्वतंत्र कायदा १९८३ मध्ये झाला आणि कळंबोली येथे पोलाद बाजारासाठी भूखंड तयार करण्यात आले. येथे माल हलला, परंतु कित्येक व्यापाऱ्यांच्या गाद्या कर्नाक बंदर परिसरातच राहिल्या. लोखंडाचा सौदा नमुना न पाहता दूरध्वनीवर होऊ शकतो. पालेभाजीचा होत नाही. जेथे कार्यालय आणि माल यांची फारकत शक्य आहे, तेथे कायदा मालाला हलवितो, माणसाला नाही.

जमीन कोणाची

कोणत्याही स्थलांतराच्या यादीत नवी जागा ही 'उपलब्ध' या शीर्षाखाली येते. नवी मुंबईत ती उपलब्ध नव्हती, ती संपादित केली गेली. आगरी व कोळी समाजाची भातशेती, मिठागरे व मासेमारी यांवर हे नगर उभे राहिले. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनावर जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला व त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्यानंतर, १९९० मध्ये आली. गाळ्यांचे वाटप, रस्त्यांची रुंदी, वजनकाट्यांची जागा यांचे तपशील आराखड्यात होते. ज्यांच्या शेतावर हे उभे राहणार त्यांच्या उपजीविकेचा प्रश्न मात्र रक्त सांडल्यानंतर सोडविण्यास घेतला गेला. नियोजनाच्या अभ्यासकांनी या क्रमाकडे काणाडोळा करू नये.

नंतरची स्थिती

ज्या कायद्याने व्यापार वाशीत बांधून ठेवला तो पुढे सैल झाला. जुलै २०१६ मध्ये राज्यशासनाने फळे व भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त केला. सक्ती नसतानाही तेथील व्यापार चालू आहे, कारण अडते, वाहतूकदार, बँका आणि माथाडी सर्व तेथेच आहेत.

मंत्रालयाच्या बाबतीत २१ जून २०१२ च्या आगीने प्रश्न अनपेक्षितपणे पुन्हा उभा केला. अनेक विभागांना कोणत्याही पूर्वतयारीविना दप्तरासह बाहेर पडावे लागले व काही कार्यालये भाड्याच्या जागांत विखुरली. तेव्हाही ती खाडीपलीकडे नेण्याचा मार्ग शासनाने स्वीकारला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विखुरलेली कार्यालये एकत्र आणण्यासाठी एअर इंडियाची इमारत १,६०१ कोटी रुपयांस घेण्यास मान्यता दिली आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनानेही या व्यवहारास संमती दिली. ही इमारत नरिमन पॉइंट येथे, समुद्रासमोर आहे.