श्वानांमधील कृत्रिम रेतन
श्वानांमधील कृत्रिम रेतन म्हणजे नराचे वीर्य संकलित करून ते समागमाविना मादीच्या जननमार्गात सोडण्याची पद्धती. इटालियन शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांनी १७८० साली एका कुत्रीवर हा प्रयोग केला. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. महाराष्ट्रातील पशुपालकांना ही पद्धती उरुळी कांचनच्या ‘बाएफ’सारख्या संस्थांमुळे गाईंबाबत परिचित आहे, परंतु गाईचे ठोकताळे येथे चालत नाहीत. गाय साधारणतः २१ दिवसांनी पुन्हा माजावर येते. कुत्रीची वेळ चुकल्यास बहुधा सहा महिने थांबावे लागते. शिवाय तिचे स्त्रीबीज अपक्व अवस्थेत बाहेर पडते व पक्व होण्यास सुमारे दोन दिवस घेते. त्यामुळे रक्तस्रावापासून दिवस मोजण्याची रूढ रीत पुष्कळदा फसते. रक्तातील प्रोजेस्टेरॉनची तपासणी अधिक भरवशाची. गोठविलेल्या वीर्यातील शुक्रजंतू वितळल्यानंतर अल्पकाळच जगतात, म्हणून ते थेट गर्भाशयात सोडणे इष्ट मानतात.