दारातली गाडी

उरणच्या राजपाल नाक्याकडून बाजारपेठेत शिरलं की फूटपाथ शोधावा लागतो. तो नसतो असं नाही. गटारावर टाकलेले ढापे हाच इथला फूटपाथ, आणि त्यावर स्कूटर, रिक्षा, चारचाकी जिला जशी जमेल तशी चढलेली असते. माशांची पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण अंग चोरून दोन आरशांच्या मधून निघते. शाळेतून सुटलेली पोरं सरळ रस्त्याच्या मध्यावरून चालतात. चारचाकीच्या वजनानं ढापा तडकतो, त्याच्या जागी नवा बसतो, तो रस्त्यापेक्षा चार बोटं वर राहतो. मग कुणीतरी सिमेंटचा छोटा उतार करून घेतो आणि चाक पुन्हा वर चढतं. रात्रीपुरती जागा अडवायला कुंडी, विटा, मोडकी खुर्ची असतेच. ती कुणी सरकवली की सकाळी गल्लीला फुकटचा तमाशा.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात असंच दिसेल. पण उरणची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण या गावाचं तोंड मुळात रस्त्याकडे नव्हतंच; ते समुद्राकडे होतं.

उरण, मोरा, करंजा हा सगळा टापू जुन्या कागदपत्रांत करंजा बेट म्हणून येतो. पोर्तुगीजांकडून तो मराठ्यांकडे आला, पुढं इंग्रजांनी घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर साष्टी, घारापुरीबरोबर इंग्रजांकडेच राहिला. एकोणिसाव्या शतकात उरणची ओळख दोन गोष्टींची, मिठाची आणि मोहाच्या दारूची. मिठागरातलं मीठ आणि भट्टीतली दारू बंदरातून गलबतांनी, मचव्यांनी मुंबईला जाई. माणसंही तशीच जात. आजही मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते आणि मोठ्या ओहोटीला गाळानं अडते. म्हणजे उरणचा हमरस्ता पाण्यावर होता. गावातल्या गल्लीला पायी माणूस, डोक्यावरचा भारा आणि एखादी बैलगाडी एवढंच पेलायचं होतं.

त्या गल्ल्या रिकाम्या आणि शिस्तीच्या होत्या, असं मात्र कुणी समजू नये. घराचा ओटा थेट वाटेवर उतरायचा. जाळी दुरुस्त व्हायची ती तिथं, सुकट वाळायची ती तिथं, लग्नाचा मांडव पडायचा तोही तिथंच. अतिक्रमण म्हणायचं तर ते तेव्हाही होतं. पण मांडव चार दिवसांत उतरे आणि सुकट संध्याकाळी आत जाई. बैलगाडीचंही तसंच. बैलाला वैरण लागते, पाणी लागतं, त्याला रात्रभर गल्लीत सोडून मालक झोपू शकत नाही. त्यामुळे गाडी बैलांबरोबर घरच्या आवारात यायची. गाडी कुठं लावायची हा प्रश्न बैल जिवंत असल्यामुळे आपोआप सुटलेला होता. मोटार आली आणि तो नव्यानं उभा राहिला. कारण इंजिन बंद केलं की तिला मालकाची गरज उरत नाही.

कायद्याला हा त्रास फार आधी ठाऊक होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २८३ व्या कलमात सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड होता. त्या काळी ही रक्कम ऐकून गाडीवानाला घाम फुटला असता. पुढं रुपया घसरत गेला, कलमातला आकडा मात्र १६४ वर्षं जागचा हलला नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा कुठं तो ५,००० झाला. मोटारींसाठीच्या १९८९ च्या नियमावलीत फूटपाथवर गाडी उभी करायला सरळ मनाई होती, पण ती मनाई पाळायला आधी फूटपाथ हवा.

१९८९ हेच साल उरणच्या आयुष्यातही मोठं आहे. २६ मे रोजी न्हावा-शेवाचं जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झालं. त्याच्या आधीची वीस वर्षं तालुका ढवळून निघाला होता. १९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतली ९५ गावं नवी मुंबईसाठी अधिसूचित झाली. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं आणि ओएनजीसीचा प्रकल्प उरणच्या किनाऱ्यावर उभा राहिला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच शेतकरी गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली.

नव्या शहराच्या नकाशात रुंद रस्ते होते, सेक्टर होते, रेल्वेची रेघ होती. गावठाणं मात्र होती तशी सोडली गेली. भोवतीची शेती गेल्यावर गावाला पसरायला जागा उरली नाही. मुलं वाढली, घरावर मजले चढले, पडवी बंदिस्त झाली, ओटा दुकानाला गेला. आणि मोबदल्याच्या पैशातून गाडी आली. कुणी टेम्पो घेतला, कुणी डंपर, कुणी कंपनीला लावायला बस, कुणी कर्ज काढून ट्रेलर. ज्याच्या दारातून शेताची वाट निघायची त्याच्या दारात आता चाकं उभी राहिली, आणि घर चालायचं ते त्यांच्यावरच. अशा माणसाला ‘गाडी हलव’ म्हणणं सोपं नाही. अर्थात हे समर्थन सगळ्यांना लागू नाही. केवळ दारात गाडी दिसावी म्हणून घेतलेली, आठवड्यातून एकदा पुसली जाणारी मोटार ढाप्यावर चढवून ठेवणाऱ्याला कुठल्याही प्रकल्पानं विस्थापित केलेलं नसतं.

हीच गोष्ट बंदराबाहेर राक्षसी आकारात दिसते. गेट उघडण्याची वाट पाहणारे कंटेनर ट्रेलर वर्षानुवर्षं महामार्गाच्या कडेला आणि सर्व्हिस रोडवर उभे राहत आले. अंधारात त्यांच्या मागे दुचाकी आदळून माणसं गेली. बंदरानं अखेर सुमारे ४५ हेक्टरवर दीड हजार ट्रेलर मावतील असा पार्किंग प्लाझा बांधला. सिडकोच्या द्रोणागिरी नोडमधले रुंद रस्ते तरीही ट्रेलरनं भरतातच; रस्ता रुंद केला की गाडी आपोआप शिस्तीत येते, या समजुतीचं उत्तर तिथं मिळतं.

मग इलाज काय? जपाननं १९६२ मध्येच कायदा केला, की गाडी ठेवायची जागा दाखवल्याशिवाय नोंदणी नाही, आणि रात्री आठ तासांहून जास्त काळ ती रस्त्यावर एका जागी उभी करायची नाही. महाराष्ट्रात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ मध्ये जागेच्या अशाच दाखल्याचा विचार मांडला. त्याच्या आदल्या वर्षी, १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतू आणि खारकोपर-उरण लोकल एकाच दिवशी सुरू झाले होते. मुंबई गाठणं आता लाँचच्या वेळापत्रकावर अवलंबून नाही. मोऱ्याच्या धक्क्यावर ओहोटी बघत बसणारा प्रवासी आता स्टेशनपर्यंत दुचाकीवर येतो आणि ती दिवसभर तिथंच कुठंतरी लावतो. जागेचा दाखला उद्या खरोखर सक्तीचा झाला, तर गावठाणातल्या चार फुटी ओट्याची नोंद दाखला देणारा कोणत्या रकान्यात करणार, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.